बटणं काढलेला कोट

दुसरं काज

खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून ताई आशीर्वाद द्यायचा सराव करत होती.

"प्रभू तुमचं कल्याण करो," ती खुर्चीला म्हणाली आणि लगेच हात मागे घेतला. आवाज निघाला तो कल्याण करणाऱ्याचा नव्हता. चुकून दुसऱ्याच्या घरात शिरलेल्या माणसाचा होता. तिने पुन्हा हात ठेवला. पुन्हा काढला. सुई टोचून टोचून बोथट झालेली ती बोटं, थंडीने आखडलेली... असला हात कुणाच्या डोक्यावर ठेवायचा, आणि तोही एक जुना कोट मिळावा म्हणून!

"मांजराला कुरवाळताय की काय?" दारातून खालच्या काकू म्हणाल्या. खालच्या मजल्यावरून जिना चढून आल्या की आधी धाप आणि मग टोमणा, असा त्यांचा ठरलेला क्रम होता. "जरा दाबून ठेवा हात. देणाऱ्याला कळायला नको?"

"काकू, मी नाही येत."

"बरं. मग हा घालून हिंडा हिवाळाभर." काकूंनी खुंटीवरचा तिचा कोट दोन बोटांनी उचलला. "याला कोट म्हणतात? ठिगळांची नुसती पंचायत भरलीय. यातलं मूळ कापड कुठलं, ते तरी आठवतंय का तुम्हाला?"

"उपाशी झोपेन मी काकू. पण मागायला..."

"मागायचं नाहीच आहे तिथे. किती वेळा सांगू?"

नदीपलीकडच्या त्या चर्चमध्ये हिवाळ्याच्या तोंडावर जुने कोट वाटत. मात्र फार पूर्वी तिथल्या एका पाळकाने त्याची एक रीत घालून दिली होती. देणाऱ्याने आपला कोट दोन्ही हातांवर घेऊन उभं राहायचं, डोळे मिटायचे आणि मान झुकवायची. घेणाऱ्याने त्याच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद द्यायचा आणि मग कोट उचलायचा. डोळे मिटायचे, कारण घेणाऱ्याचं तोंड बघायचा देणाऱ्याला हक्क नाही. आणि आशीर्वाद घेणाऱ्याने द्यायचा, कारण, तो पाळक म्हणे, "प्रभूने धन्य म्हटलं ते गरिबांना. कोटवाल्यांना म्हटल्याचं मला तरी कुठे आढळलं नाही. ज्याच्यापाशी जे आहे, ते त्याने द्यावं."

"म्हणजे सरळ देवघेव झाली की हो," काकू म्हणाल्या. "त्यांचा कोट, तुमचा हात."

"माझ्यापाशी कुठून आला आशीर्वाद?"

"गरीब आहात ना? मग असणारच. शोधा, कुठल्या तरी खिशात सापडेल."

काकू हसल्या. ताईही हसली आणि हसता हसता तिने तोंड खिडकीकडे वळवलं. गरीब... हा शब्द तिला नवा नव्हता, पण आजवर तो घरातल्या घरात, दार लावून वापरायचा शब्द होता. आपण गरीब आहोत हे आपल्याला ठाऊक असणं वेगळं, आणि भर सकाळी चार लोकांसमोर त्या शब्दाच्या रांगेत जाऊन उभं राहणं वेगळं. उभा जन्म तिने दुसऱ्यांचे कोट शिवण्यात घालवला होता. गावातल्या कितीतरी पाठी तिच्या हातांनी उबदार झाल्या होत्या, आणि कारखाना बंद पडून, बोटं आखडून, मशीनही विकून झाल्यावर तिची स्वतःची पाठ मात्र वाऱ्याला उघडी पडली होती. सुताराच्या घरी दाराला कडी नसावी तसं. लाज वाटायची ती थंडीची नाही, या विसंगतीची.

तरी ती निघाली. निघाली, कारण ते चर्च नदीपलीकडे होतं. अलीकडे, चढावरच्या वस्तीत, मुंगी राहत होती. हात पसरायला पाय निघालेच आहेत, तर ते निदान मुंगीच्या दारावरून जायला नकोत, एवढंच तिने देवापाशी मागितलं होतं.


पहिलं काज

(घाईत कोट घातला की असंच होतं. दुसरं बटण आधी लागतं, पहिलं मागे राहतं.)

मुंगी म्हणजे ताईची धाकटी बहीण. साखरेच्या डब्यापाशी सदा सापडायची म्हणून मुंगी. आई गेली तेव्हा ती इतकी लहान होती की पुढे आईचा चेहरा तिला ताईच्याच चेहऱ्यात शोधावा लागला. आईमागे उरला तो पत्र्याचा एक डबा, बटणांनी भरलेला. कापड जाऊ दे, बटण ठेव, ही आईची शिकवण. कपड्याची चिंधी झाली तरी चिंधी बाहेर जाण्याआधी तिची बटणं कापून डब्यात जमा होत. त्या डब्यात सगळ्यात खाली, कापडात गुंडाळून, आईच्या स्वतःच्या कोटाची चार बटणं होती... शिंगाची, तपकिरी, उजेडाकडे धरली की कडेने मधासारखी दिसणारी.

ताईने शाळा सोडली आणि कोटांच्या कारखान्यात काजं करायला बसली. तिथल्या कटिंग मास्तरांनी तिला मागणी घातली. भला माणूस, कापडाला दुखू नये अशा बेताने कात्री चालवणारा. "धाकटीचं शिक्षण होऊ दे," ताई म्हणाली. मास्तरांनी वाट पाहिली. मग पाहिनासे झाले. त्याबद्दल ताईने कधी कुणाला बोल लावला नाही, स्वतःलाही नाही. मुंगीला तिने सुईला बोटही लावू दिलं नाही. "ही बोटं पुस्तकाची पानं उलटायला आहेत," ती म्हणायची आणि तिच्या हातातली सुई काढून घ्यायची.

थंडीच्या सकाळी शाळेला निघालेल्या मुंगीला कोट घालून देताना ताई खालून वर एकेक बटण लावायची आणि म्हणायची:

हे वाऱ्याला.
हे गारठ्याला.
हे पडशाला.
आणि हे वरचं... लवकर घरी ये, म्हणून.

मुंगी शिकली, नोकरीला लागली, मोठ्या घरात पडली. तिच्या नव्या घरासाठी ताईने एक कोट शिवला. बाटलीसारखा गडद हिरवा, काजं मशीनवर नाही, हाताने केलेली, आणि काजांना आईची ती चार बटणं. वरचं काज जरासं तिरकं गेलं, कारण ते करताना डोळे भरून आले होते. पण उसवून पुन्हा करण्याचा धीर झाला नाही.

न कळवता ती कोट घेऊन गेली. आनंदाने माणूस न कळवताच जातो. बैठकीची खोली बायकांनी भरलेली होती. चर्चच्या मंडळीतल्या बायका, नव्या ओळखीच्या, चहाचे पेले हातात.

"या कोण?" मोत्यांची माळ घातलेल्या एका बाईंनी विचारलं.

ताईच्या जुन्या कोटाला दोऱ्यांची तुसं चिकटली होती. तिने मुंगीकडे पाहिलं, आणि मुंगीच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना तिला दिसला. ज्या चेहऱ्यावर तिने जन्मभर सावली पडू दिली नव्हती, त्यावर आज सावली पडत होती, आणि ती सावली तिची स्वतःची होती!

"मी शिवणकाम करते," ताई चटकन म्हणाली. "बाईंचा कोट द्यायला आले होते."

वाक्य ताईचं होतं. मुंगीने काहीच केलं नाही. ती फक्त गप्प राहिली.

"मागच्या बाजूने जा हं, पुढची फरशी आत्ताच पुसलीय," कुणीतरी म्हणालं. ताई मागच्या बाजूने गेली.

नंतर मुंगी दोनदा आली. ताईने तिला वरून पाहिलं, पण खाली दार उघडायला गेली नाही. मग खोली बदलली; मागे ठावठिकाणा ठेवला नाही. लोकांना वाटलं, ताई रागावली. राग कसला... माझ्यामुळे तिला लाज वाटली, याची लाज; मी तिला लाज वाटू दिली, याची लाज; आणि तिने एकदा तरी "ही माझी ताई" म्हणावं असं मनाच्या तळाशी वाटत राहिलं, त्याचीही लाज. अस्तरावर अस्तर, अस्तरावर अस्तर, आणि ऊब मात्र कुठेच नाही.


तिसरं काज

रांग चर्चच्या बाजूच्या दालनात वळसे घेत चालली होती.

"सरका पुढे."

"सरकतोय की. कोट पळून चाललेत का?" हे ताईच्या पुढचे आजोबा, एकेकाळी बँडमध्ये बिगूल वाजवायचे, आणि अजूनही बोलताना गाल फुगवायचे. "मागच्या खेपेला मला मिळाला त्याला बटणंच नव्हती. कापून घेतलेली."

"कापून?" काकू मागून म्हणाल्या. "चार बटणांवाचून यांचे काय राजवाडे अडले होते?"

"मी पण मग अर्धाच आशीर्वाद दिला. म्हटलं, प्रभू तुमचं... आणि गप्प बसलो. उरलेलं बटणं दिल्यावर."

रांगेत हशा पिकला. ताईने मान खाली घातली. कापड जाऊ दे, बटण ठेव... तिच्या आईनेही तेच केलं असतं. पण आईच्या घरून कोट कुणाला गेलाच कधी होता?

देणारे भिंतीकडेने ओळीने उभे होते. डोळे मिटलेले, हातांवर कोट. यंदा नदीच्या दोन्ही काठांवरच्या मंडळ्या एकत्र आल्या होत्या. काकूंना हे ठाऊक होतं, पण सांगण्यासारखं वाटलं नव्हतं. बऱ्याच बायकांनी केसांवर रुमाल टाकले होते. कुणाकुणाचे हात डोक्यावर पडणार, केस कशाला खराब करा. घेणारेही शहाणे; रुमालाला कसाबसा स्पर्श करून, तोंडातल्या तोंडात पुटपुटून कोट उचलत होते. दोघांनाही ते लवकर आटपायला हवं होतं.

"तुम्ही या," वाट दाखवणाऱ्या बाईंनी ताईला खूण केली. "त्या हिरव्या कोटापाशी."

ताईने आधी कोट पाहिला.

बाटलीसारखा हिरवा. हाताने केलेली काजं, वरचं जरासं तिरकं. आणि काजांसमोर, जिथे बटणं असायची तिथे, कापलेल्या दोऱ्यांचे चार झुबके.

कोट धरणाऱ्या हातांच्या वर तिने नजर नेली नाही. न्यायची गरज नव्हती. झुकलेलं डोकं तेवढं दिसत होतं, त्यावर रुमाल नव्हता, आणि माथ्यावर शेजारी शेजारी दोन भोवरे होते. ते दोन भोवरे चुकवून भांग पाडायला तिला कितीतरी सकाळी झटापट करावी लागली होती. आता त्यांच्याभोवती पांढरे केस आले होते...

मी शिवलेला कोट हिने देऊन टाकला. दिला तो दिला, आईची बटणं कापून घेऊन दिला! आणि तो घ्यायला मी आले. संतापाचा एक लोट तिच्या अंतःकरणातून उसळला आणि घशाशी येईपर्यंत त्याची नुसती शरम झाली. निघून जावं. हिचे डोळे मिटलेले आहेत. हिला कधीच कळणार नाही की आपली बहीण कोटाच्या रांगेत उभी होती. तिची अब्रू राहील, माझीही राहील.

"हला की हो," काकू मागून कुजबुजल्या. "हात ठेवा अन् मोकळ्या व्हा."

हात ठेवा... या डोक्यावर हात ठेवायला रीत हवी होती तर, आणि रांग, आणि गरिबी! निघून जाण्याचा विचार जसा आला तसा गेला. घेणाऱ्याचं तोंड बघायचं नाही, असा इथला नियमच होता. मग हात ठेवला तर कुणाचं काय जातं? ठेवेन, आणि जाईन. कोट नको. एवढंच घेऊन जाईन.

तिने हात ठेवला.

घोकून ठेवलेलं वाक्य ओठांपर्यंत आलंच नाही. बोटं आपसूक केसांत शिरली, एका भोवऱ्याकडून दुसऱ्याकडे गेली, मधे जो भांग कधीच सरळ पडला नव्हता तो शोधू लागली. आणि तोंडून, तिला स्वतःलाही नीट ऐकू आलं नाही इतक्या हळू, शब्द निघून गेले:

"...लवकर घरी ये."

हाताखालचं डोकं थरथरलं. कोट धरलेले हात खाली आले. पण डोळे उघडले नाहीत. ते अधिकच घट्ट मिटले आणि मिटल्या पापण्यांतून पाणी ओघळू लागलं.

"ताई," मुंगी म्हणाली, "डोळे उघडू का?"

ताईची बोटं भांगावरच थांबली.

"नाही म्हणालीस तर नाही उघडणार. मला तुझ्याकडे बघायचा हक्क नाही, ठाऊक आहे मला. पण हात काढू नकोस."

रांग थांबली होती. "आशीर्वाद लांबलाय," पुढे गेलेले आजोबा वळून म्हणाले, "कोट भारी दिसतोय." पण या वेळी कुणी हसलं नाही. शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी डोळे उघडले. केसांवर रेशमी रुमाल, गळ्यात मोत्यांची माळ. त्यांनी मुंगीकडे पाहिलं, मग ठिगळांच्या कोटाकडे.

"काय झालं हो? ओळखीच्या आहेत का या?"

पुन्हा तोच प्रश्न, तेच मोती. आणि ताईचं मन, इतक्या वर्षांनीही, सवयीने तसंच पुढे धावलं, पोर पडायच्या आधी आईचे हात धावतात तसं.

"मी शिवणकाम करायचे," ती घाईघाईने म्हणाली. "बाईंचा एक कोट..."

"ताई, गप्प बस."

मुंगी तिला असं जन्मात कधी बोलली नव्हती. तिने डोळे उघडले. लाल, ओले, आणि सरळ समोर पाहणारे.

"ही माझी बहीण आहे," ती मोत्यांच्या माळेकडे वळून म्हणाली, पण आवाज सगळ्या दालनाला ऐकू गेला. "सख्खी, थोरली. हिनेच मला वाढवलं. माझ्या घरी आली होती, तुम्ही विचारलंत या कोण, आणि मी गप्प बसले. हा कोट हिने शिवलाय. तो मी गरिबांना दिला, आणि तो घ्यायला हीच आली."

तेवढं बोलून तिचा धीर सरला. पुढचं ती ताईच्या खांद्याशी बोलली, अडखळत.

"कपाट उघडलं की हा माझ्याकडे बघायचा. मला घालवेना, कुणाला दाखववेना. किती शोधलं मी तुला... शेवटी म्हटलं, जाऊ दे, निदान कुणाला ऊब तरी होईल. पण बटणं आईची होती गं. ती नाही देववली. इथल्या बाईंनी हटकलं, बटणं कापून कोट देता, शोभतं का? काय सांगणार होते मी त्यांना?"

ताईला आपला मघाचा संताप आठवला आणि तिला वाटलं, आता जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. हिने बटणं ठेवली. हिने आईची शिकवण ठेवली. दार बंद कुणी केलं होतं? ठावठिकाणा कुणी लपवला होता? तू गप्प राहिलीस तो एक क्षण, मुंगे, आणि मी गप्प राहिले ती किती वर्षं...

"मीच वेडी," ती म्हणाली. "दोनदा आलीस. मी वरून बघत होते."

"ठाऊक आहे. पडदा हलला होता."

"मग हाक का नाही मारलीस?"

"कुठल्या तोंडाने?"

मागून काकूंनी जोरात नाक शिंकरलं. "आता रडून झालं असेल तर," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "आम्हालाही थंडी वाजायची राहिलेली नाही."

मुंगीने कोट पुन्हा दोन्ही हातांवर घेतला, पुन्हा मान झुकवली. "आशीर्वाद राहिला," ती म्हणाली.

"दिला की मघाशी."

"तो लहानपणीचा होता. आत्ताचा दे."

ताईने पुन्हा हात ठेवला. या वेळी तो हात मांजराला कुरवाळत नव्हता. ती काय म्हणाली ते कुणाला ऐकू आलं नाही. मुंगीला आलं असेल. मग तिने तो बिनबटणाचा कोट उचलला, सगळ्यांदेखत, आणि उचलताना तिची मान पुन्हा खाली गेली. लाज काही संपली नव्हती. फक्त ती आता एकटीने वाहायची नव्हती.


चौथं काज

दोघी मुंगीच्या घरी पुढच्या दाराने गेल्या. फरशी ओली होती की कोरडी, कुणी पाहिलं नाही.

मुंगीने तिचा स्वतःचा, आईच्या डब्यासारखाच पत्र्याचा डबा आणला, तळातली गुंडाळी सोडली आणि शिंगाची चार बटणं टेबलावर मांडली. ताईचा हात सवयीने सुईकडे गेला. मुंगीने सुई उचलून घेतली.

"मी लावणार."

"तुला येतं का?"

"तू कधी शिकू दिलंस?"

दोरा ओवायलाच तिला किती वेळ लागला. ताई खुर्चीत हात मांडीवर घट्ट धरून बसली. हात काही करत नसताना बसून राहणं तिला ठाऊक नव्हतं. कुणीतरी आपल्यासाठी काही करतंय आणि आपण नुसतं घ्यायचं, हे त्या रांगेत उभं राहण्याहून अवघड होतं. मुंगीला सुई टोचली. ताई अर्धवट उठली. "बस," मुंगी म्हणाली आणि बोट तोंडात धरून पुन्हा शिवू लागली. टाका मोठा पडत होता, दोरा गुंतत होता. कारखान्यात असतं तर ताईने पहिलंच बटण उपटून परत दिलं असतं.

झाल्यावर मुंगीने तिला उभं केलं. कोट घातला. खाली वाकून तळचं बटण लावलं.

"हे वाऱ्याला," ती म्हणाली. "हे गारठ्याला. हे पडशाला."

वरच्या बटणाशी तिची बोटं थांबली. ते बटण बोटभर खाली लागलं होतं. काजात जाईना, आणि गेलं तेव्हा गळपट्टी एका बाजूला वाकडी झाली. मुंगीच्या लक्षात आलं आणि तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला.

"थांब, उसवून परत..."

"असू दे," ताई म्हणाली.

"वाकडं दिसतंय गं."

"काजही तिरकंच आहे. असू दे."

दुसऱ्या दिवशी जिन्यात खालच्या काकू भेटल्या. त्यांनी कोटाभोवती एक पूर्ण चक्कर मारली, कापड चिमटीत धरून पाहिलं, अस्तर पाहिलं, आणि मग गळ्याशी बोट टेकवलं.

"बाकी झकास. पण हे वरचं बटण कुणी लावलं हो? तुमचा हात नाही हा."

ताईने गळ्याशी हात नेला. क्षणभर तिची मान सवयीने खाली गेली, मग वर आली.

"माझ्या बहिणीने," ती म्हणाली. "सख्ख्या. धाकटी आहे माझी."